टिनाचे शेड आणि देवाचे सामान

वाचक माउली,

परमार्थाच्या मासिकात टिनाच्या शेडचा विषय कशाला, असे आपल्या मनात येईल. येऊ द्या. कीर्तनात आम्ही दोन तास वैराग्य सांगतो खरे, पण कीर्तन आटोपले की पखवाज खोळीत घालावा लागतो, टाळ मोजून पिशवीत भरावे लागतात, सतरंज्या झटकून त्यांच्या घड्या कराव्या लागतात आणि हे सगळे ठेवायला कुठेतरी चार भिंती लागतात. वैराग्याला जागा लागत नसेल, वैराग्य सांगणाऱ्याच्या सामानाला लागते. जुने वाडे पडत आहेत, त्यांच्या जागी फ्लॅट उभे राहत आहेत, आणि वाड्यांच्या खोल्यांत, देवळांच्या ओवऱ्यांत सांभाळलेले भजनी मंडळांचे सामान आता कुठे न्यावे हा प्रश्न गावोगावी पडू लागला आहे. आमच्या मंडळाला तो पडला तेव्हा काय झाले, ते आज सांगतो. कुणाच्या उपयोगी पडले तर पांडुरंगाची सेवा झाली.

मी नागपूरचा. तरुणपणी आळंदीला, जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे राहिलो. माधुकरी मागितली, पाठ केले, गुरूंचा मार खाल्ला आणि पुढे ४५ वर्षे विदर्भात कीर्तनसेवा केली. आता वय ७६. उभे राहिले की दम लागतो, म्हणून कीर्तनाचे नारळ घेणे थांबवले. एकादशीचे भजन मात्र चालू आहे.

मंडळाचे सामान महालातल्या एका वाड्याच्या खोलीत होते. २२ जोड टाळ, दोन पखवाज, एक वीणा, पाच पताका, ग्रंथाचा चौरंग, आठ सतरंज्या, आणि सप्ताहाच्या पंगतीसाठी घेतलेले तीन मोठे गंज, दोन कढया व झारे. वाड्याच्या मालकांनी ३० वर्षे एक पैसा भाडे घेतले नाही. ते गेले. मुलांच्या वाटण्या झाल्या, वाडा पाडायचे ठरले, आणि पाडव्यापर्यंत खोली मोकळी करून द्यावी असा निरोप आला. निरोप प्रेमाचाच होता. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

मी मुलाकडे राहतो. दक्षिण नागपुरात २४ फ्लॅटची सहकारी सोसायटी आहे, आमचा फ्लॅट तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे दहा फूट रुंदीची मोकळी पट्टी आणि पलीकडे कंपाउंडची भिंत. तिथे एक तुळस, एक कढीपत्ता आणि कपडे वाळत घालायची दोरी. मंडळाचे लोक आले, पट्टी पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले.

"महाराज, दोन दिवसांचं काम आहे. शनिवारी रात्री पाइप गाडू, रविवारी टिन टाकू."

"अन् सोमवारी कोणी विचारलं तर?"

"विचारते कोन? आत वीणा ठेवू, दाराले पताका लावू. देवाच्या सामानाले कोन हात लावते?"

बोलणारा आमचा जुना टाळकरी. माझ्या कीर्तनात २५ वर्षे पहिल्या चालीला उभा राहिलेला. त्याच्या मनात काही पाप नव्हते. पण माउली, या एका वाक्यात केवढे मोठे कोडे आहे पाहा. शेड टिकावे म्हणून दाराशी देव उभा करायचा! देवाचे सामान राखायला शेड हवे, आणि शेड राखायला देव हवा. यात राखणदार कोण आणि धनी कोण?

हे काही आमच्याच अंगणात घडते असे नाही. रस्त्याच्या कडेला आधी एक दगड येतो, मग त्याला शेंदूर लागतो, मग ओटा, मग छप्पर, आणि छपराच्या आडोशाने दुकान. सार्वजनिक जागेवर विनापरवाना धार्मिक बांधकाम यापुढे होऊ देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला २००९ साली सांगावे लागले. आणि त्यात एकाच धर्माचे लोक होते असेही नाही. ज्याला आपण जगाचा मालक म्हणतो, त्याच्या नावावर सहा फूट जागा बळकवायची आणि वर तीच सेवा म्हणायची, याची लाज देवाला वाटत असेल की नाही कोण जाणे, पण भक्ताला वाटली पाहिजे.

आपल्या पांडुरंगाचेच उदाहरण घ्या. पुंडलिकाच्या दारी देव आला. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याला उठायला सवड नव्हती, म्हणून त्याने हाताशी होती ती वीट मागे सरकवली. देव त्या विटेवर उभा राहिला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिच्यातून मातृपितृसेवा सांगतो. ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. वैकुंठाचा राणा पाहुणा होऊन आला आणि यजमानाने दिली तेवढ्याच जागेवर उभा राहिला. वीट अरुंद आहे म्हणून त्याने शेजारच्या अंगणात पाय टाकला नाही. पुढे देऊळ, मंडप, महाद्वार झाले ते भक्तांनी केले. त्याची स्वतःची मागणी विटेपुढे गेलेली नाही.

आणि आपण वारकरी तरी कोण? आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे तीन आठवडे दुसऱ्याच्या जागेवर राहणारी माणसे. शाळेची पडवी, शेतकऱ्याचे खळे, कुणाचे अंगण, कुणाचा ओटा. संध्याकाळी विचारून पथारी टाकायची आणि पहाटे उठून जागा झाडून पुढे निघायचे. दिंडीचालकाने गावकऱ्याला न विचारता एका तंबूची खुंटी ठोकली, तर पुढच्या वर्षी त्या गावात दिंडीला पाणी मिळणार नाही. आपली सारी परंपरा मागून मिळालेल्या जागेवर उभी आहे. ज्याचे पाय असे मुक्काम करत म्हातारे झाले, त्याने घराच्या मागच्या दारी चोरून पाइप गाडायचा, हे मनाला पटेना.

मी मंडळींना म्हणालो, "अर्ज करू."

"अन् नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

ते कुणालाच आवडले नाही. कारण 'नाही' याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक होते. पाडवा दीड महिन्यावर होता. दुसरी खोली भाड्याने घ्यावी एवढा पैसा मंडळाकडे नाही. पखवाज कुणाच्या माळ्यावर, गंज भंगारात आणि मंडळ आठवणीत, अशी गत झालेली मंडळे आम्ही पाहिली आहेत.

आता नियमांचे थोडे सांगतो, कारण असा प्रसंग आपल्यावरही येईल. माझा एक शिष्य वकिली करतो, त्याने समजावून दिले. पहिली गोष्ट, तळमजल्याच्या मागची मोकळी जागा तळमजलेवाल्याची नसते. घर घेताना आमच्या मुलाला बिल्डर तोंडी म्हणाला होता, मागची जागा तुम्हीच वापरा. तोंडी बोलणे कागदावर चढत नाही. ती जागा साऱ्या इमारतीची. पार्किंगच्या जागेबाबत २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला, की ती सामाईक आहे, बिल्डरला ती वेगळी काढून विकता येत नाही.

दुसरी गोष्ट, ती पट्टी रिकामी राहिली ती विसरल्यामुळे नाही. इमारतीच्या चारी बाजूंना किती जागा सोडायची हे विकास नियमावलीत ठरलेले असते. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे काही भाग सोडून बहुतेक महाराष्ट्राला एकच नियमावली लागू झाली, तीत आपले नागपूरही आले. खालच्या खोलीत उजेड यावा, वारा खेळावा, आग लागली तर नळी घेऊन माणूस मागे जाऊ शकावा, यासाठी ती जागा असते. आपल्याला ती ओसाड दिसते, पण ती रोज काम करत असते.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. सोसायटीने हो म्हटले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. सोसायटी चालते १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने आणि आपल्या उपविधींनी. बांधकामाची परवानगी द्यायची ती नियोजन प्राधिकरणाने, १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली. विनापरवाना बांधले तर त्याच कायद्याच्या कलम ५३ खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते, मग आत वीणा असो की विटा. घरधन्याने जेवायला बसवले तरी पानात काय पडणार ते स्वयंपाकघरात ठरते, तसे हे आहे.

अर्ज मी स्वतः लिहिला. शेडची लांबी १० फूट, रुंदी ६, उंची ८. आत काय ठेवणार त्याची यादी. साध्या पेन्सिलीने नकाशा, आणि त्यात वरच्या कोणत्या घरांच्या खिडक्या येतात त्याची खूण. सेक्रेटरींना दिला आणि पोच घेतली. त्यांनी विशेष सर्वसाधारण सभा लावली. आदर्श उपविधींप्रमाणे अशा सभेची पूर्ण ५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, वार्षिक सभेला १४ दिवस. नोटीस फलकावर लागली, तीत छापले होते, 'ह.भ.प. अमुक महाराज यांचा शेडबाबत अर्ज'. मी सेक्रेटरींना म्हटले, "यातले ह.भ.प. काढा, महाराज काढा. फ्लॅट क्रमांक लिहा."

ते हसून म्हणाले, "अहो महाराज, तुमच्या शब्दाला इथे मान आहे. सभा नाही म्हणणारच नाही."

मी म्हटले, "म्हणूनच काढा."

सभेच्या आधीचे ते पाच दिवस मी इमारतीत फिरलो. मत मागायला नव्हे, ऐकायला. पहिल्या मजल्यावर, अगदी आमच्या डोक्यावर, शाळेतून निवृत्त झालेल्या एक ताई एकट्या राहतात. त्यांनी चहा दिला आणि सरळ सांगितले, "महाराज, तुमचं भजन मी गॅलरीत बसून ऐकते. पण शेड नको." कारणेही सांगितली. शेडचे छप्पर आठ फुटांवर, त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्याच्या थोडी वर. छपरावर चढलेला माणूस थेट खिडकीशी येईल. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तापलेल्या टिनाची झळ रात्री बारापर्यंत वर येईल. आणि पावसाळ्यात टिनावर पडणाऱ्या सरींचा आवाज त्यांच्या उशाशी.

मी उत्तर शोधत नव्हतो. पण त्या उन्हाचे बोलल्या तेव्हा माझ्या मनात आमचा पखवाज आला. पखवाजाची पाने चामड्याची, वाद्या चामड्याच्या, खोड लाकडाचे. टिनाखाली मे महिन्यात चामडे कडक होऊन तडकते आणि जुलैत ओल धरून सैल पडते. धुमेला लावलेली कणीक नीट खरवडली नाही तर उंदीर येतात ते वेगळेच. वीणेचा भोपळा तर त्याहून नाजूक. म्हणजे जे ताईंच्या जिवाला सोसणार नव्हते, तेच देवाच्या वाद्यांना सोसणार नव्हते.

दुसरीकडे, तळमजल्यावरच्याच एका गृहस्थांचा पाठिंबा आपणहून चालत आला. त्यांचे हार्डवेअरचे दुकान. त्यांनाही गेल्या वर्षी त्याच पट्टीत माल ठेवायला शेड हवे होते आणि सोसायटीने नकार दिला होता. आता ते प्रत्येकाला सांगत होते, "महाराजांना नाही कसं म्हणता? देवाचं काम आहे." त्यांचा हिशेब मला कळत होता. आज वीणेला वाट मिळाली की उद्या त्याच वाटेने रंगाचे डबे येणार. आणि तेव्हा त्यांना अडवण्याचा तोंडाचा अधिकार मला राहणार नव्हता.

इथे नामदेवरायांची एक कथा सांगतो. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात शेजारीण नामदेवांना विचारते, तुझे छप्पर कुणी शाकारले? मी दुप्पट मजुरी देते, तो सुतार मला सांग. नामदेव सांगतात, तो सुतार असा सांगून येणारा नाही, तो सर्वत्र भरलेला आहे आणि त्याची मजुरी प्रेमाची आहे. पंजाबात हे पद गातात तेव्हा लोक डोलतात. मी कीर्तनात ही कथा बरेचदा सांगितली, पण या वेळी तिच्यातल्या शेजारणीकडे माझे लक्ष गेले. ती कौतुकाने विचारते. नामदेवांच्या छपराने तिचा वारा अडला नव्हता, तिच्या खिडकीशी चोर येणार नव्हता. देवाने बांधलेल्या छपराची मला कळणारी खूण हीच, की शेजारणीला तसे छप्पर आपल्यालाही असावे असे वाटते. आमच्या छपराबद्दल ताई विचारणार होत्या त्या कपाळाला आठी घालून.

तरीही अर्ज मी मागे घेतला नाही. मागे घेतला असता तर मंडळ म्हणाले असते, महाराजांनी लढायच्या आधीच हात टेकले. आणि खरे सांगायचे तर सामानाला जागा हवीच होती. सभा भरली. १७ सभासद आले. सेक्रेटरींनी अर्ज वाचला, नियम वाचले. मी एवढीच विनंती केली की आधी ताईंना बोलू द्यावे. त्या बोलल्या. मग मी म्हटले, "हा अर्ज फ्लॅट क्रमांक दोनचा समजून मत द्या. देवाचा समजू नका. देवाला मतदानात उतरवायचे नाही." हात वर झाले. शेडच्या बाजूने सहा, विरुद्ध अकरा.

क्षणभर सगळे गप्प झाले. अकरांतले कित्येक दर एकादशीला आमच्याकडे प्रसादाला येणारे. त्यांना माझ्याकडे बघवेना. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, बँकेत नोकरी करते, उठून म्हणाली, "बांधकाम नको म्हटलं आपण. सामान नको असं कुठे म्हटलं?" सोसायटीच्या ऑफिसची खोली आहे, पक्क्या छपराची. तिथे एका भिंतीला लोखंडी पेटी ठेवली तर? ताईंनीच पहिला हात वर केला. ठराव झाला. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद पेटी, जमिनीला जोडलेली नाही, एक किल्ली सेक्रेटरींकडे, दर वार्षिक सभेत फेरविचार. मी आग्रह धरला की मंडळ महिन्याला १०० रुपये देईल आणि पावती घेईल. फुकट घेतलेली जागा काही वर्षांनी आपलीच वाटू लागते.

पेटीत सगळे मावणार नव्हतेच. मग वाटप केले. गंज, कढया आणि सतरंज्या कळमेश्वरकडच्या एका गावाला दिल्या. धापेवाड्याच्या विठोबाला पायी येणारी त्यांची दिंडी आहे, त्यांना पंगतीला भांडी हवी होती. टाळांच्या जोड्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. पूर्वी किल्लीवाला उशिरा आला की भजन खोळंबायचे. आता प्रत्येकजण आपला टाळ गळ्यात घालूनच येतो. वीणा, एक पखवाज, पताका आणि चौरंग पेटीत राहिले. दुसरा पखवाज ज्यांचा होता ते वादक आता नाहीत. त्याच्या खोडाला चीर गेली आहे, तो वाजत नाही. तो माझ्या खाटेशेजारी आहे. सुनेने त्याला जुन्या साडीची खोळ शिवली.

गोष्ट गोड झाली असे आपल्याला वाटेल, पण एक गोष्ट राहिली. रातोरात शेड उभे करू म्हणणारा आमचा टाळकरी सभेनंतर येईनासा झाला. "हातातली जागा महाराजांनी सोडली," असे तो म्हणतो. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो. बसायला पाट दिला, पाणी दिले, बोलणे इकडचे तिकडचे झाले. विषय निघाला नाही. मी जे केले ते मला आजही बरोबर वाटते, पण बरोबर वागल्याचीही किंमत कुणीतरी मोजतो आणि दर वेळी ती आपणच मोजतो असे नसते. त्याचे २५ वर्षांचे मंडळ त्याला दुसऱ्या रूपात ओळखू आले नाही, ही त्याची व्यथा आहे. नियम सांगून ती जात नाही.

म्हणून माउली, आपल्या गावी असा प्रसंग आला तर अर्ज करा, नकाशा काढा, डोक्यावर राहणाऱ्याला आधी विचारा, देवाचे नाव अर्जात घालू नका. आणि जो जुना माणूस या सगळ्यात मागे राहील, त्याच्या घरी जात राहा. त्याच्या टाळांची जोडी त्याने नेली नाही. ती पेटीत वरच ठेवली आहे, त्याच्या हातच्या गाठीची दोरी तशीच आहे. दर एकादशीला पेटी उघडली की आधी ती बाहेर काढतो, पुसतो आणि वीणेशेजारी सतरंजीवर ठेवतो.

रामकृष्णहरी.